७४ अंशांवर दुभागलेला सातारा: दोन टोपोशीटचा अनुभव

साताऱ्याचा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजेच टोपोशीट, घ्यायला जाणाऱ्याने एक नव्हे, दोन पत्रकांची तयारी ठेवावी. पूर्व रेखांशाचे ७४ अंशांचे रेखावृत्त अजिंक्यताऱ्याच्या अगदी जवळून, शहर कापत जाते, आणि भारतीय सर्वेक्षण विभागाची पत्रके अंश-मिनिटांच्या रेषांवरच तुटत असल्यामुळे यवतेश्वर, कास, सज्जनगड, ठोसेघर हा पश्चिमेकडचा मुलूख ४७ जी/१४ या पत्रकात जातो, तर माहुलीचा संगम, जरंडेश्वराचा डोंगर आणि कोरेगाव ४७ के/२ मध्ये. मूळ शहर कोणत्या पत्रकात, असे विचारले तर 'थोडे यात, थोडे त्यात' एवढेच उत्तर देता येते. तीस वर्षे माध्यमिक शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला ही गोष्ट आधीच ठाऊक असायला हवी होती, हे मान्य. परंतु वर्गात आमच्या वाट्याला कुठल्या तरी परक्या जिल्ह्याचा हातभर तुकडा येत असे आणि त्यावरच आम्ही मुलांकडून समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, गिरवून घेत असू. स्वतःच्या गावाचे पूर्ण पत्रक टेबलावर पसरून पाहण्याचा योग मला गेल्या हिवाळ्यात आला. ही पत्रके कशी मिळतात, कशी छापून घ्यावीत आणि हाती आल्यावर ती कशी वाचावीत, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

पत्रकाचा क्रमांक प्रथम ऐकणाऱ्याला कोड्यासारखा वाटतो, पण त्याची रचना सरळ आहे. ४७ हा चार अंश लांब आणि चार अंश रुंद असा मोठा चौकोन: १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश. त्याचे एकेक अंशाचे सोळा चौकोन पाडून त्यांना वरून खाली, एकेक उभ्या रांगेने, इंग्रजी मुळाक्षरे दिलेली आहेत. त्यामुळे पुणे ४७ एफमध्ये येते, त्याच्या खाली ४७ जी, पूर्वेकडे ४७ के, आणि के च्या खाली ४७ एल, ज्यात सांगली येते. या प्रत्येक चौकोनाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा भाग केले की १:५०,००० प्रमाणाचे एक पत्रक होते. आपल्या अक्षांशावर असे एक पत्रक पूर्व-पश्चिम सुमारे साडेसव्वीस किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे पावणेअठ्ठावीस किलोमीटर जमीन झाकते, म्हणजे जवळपास ७३५ चौरस किलोमीटर. कागदावर नकाशाची चौकट ५३ सेंटिमीटर रुंद आणि ५५.३ सेंटिमीटर उंच भरली पाहिजे. ही दोन मापे वाचकांनी वहीत टिपून ठेवावीत. मी ती टिपली नव्हती आणि त्याची किंमत मोजली. लोकांसाठी खुल्या असलेल्या नव्या मालिकेला जागतिक पद्धतीचा वेगळा क्रमांक असतो आणि आपल्या भागासाठी तो ई ४३ पासून सुरू होतो; तरीही डोंगर चढणारी आणि भूगोल शिकवणारी मंडळी अजून जुन्याच क्रमांकाने बोलतात, आणि मीही तेच करणार आहे.

नकाशा मिळवण्याचे काम आता विलक्षण सोपे झाले आहे. २०१७ साली, विभागाच्या स्थापनेला २५० वर्षे झाली तेव्हा, खुल्या मालिकेची पत्रके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेण्याची सोय झाली. नोंदणी करायची, भारताच्या नकाशावरील आपला चौकोन निवडायचा आणि पीडीएफ उतरवून घ्यायची. माझ्या विद्यार्थिदशेत नकाशासाठी अर्ज, शिफारस आणि 'कशासाठी हवा' याचा खुलासा असा सगळा प्रपंच करावा लागे, त्या मानाने हे दहा मिनिटांचे काम आहे. सेवा म्हणून या सोयीला मी पूर्ण गुण देतो आणि पुढे जातो, कारण खरी गोष्ट छपाईपासून सुरू होते.

साताऱ्यातील एका दुकानात, ज्याचे नाव घेण्याचे काही कारण नाही, मी ही फाईल नेली. दुकानदाराचा मुख्य धंदा लग्नाचे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स छापण्याचा. नकाशा छापायला आलेला मी बहुधा पहिलाच. त्याने आपुलकीने विचारले, "सर, पानात बसवून देऊ ना?" मी हो म्हणालो. जाड कागदावर रंगीत, झळझळीत प्रत निघाली, तिला प्लास्टिकचे आवरण चढले, आणि मी ती गुंडाळून घरी आलो. पुढच्या रविवारी आम्ही चौघे निवृत्त शिक्षक पठारावरच्या एका जुन्या पायवाटेने निघालो. नकाशावर दोरा ठेवून मी वाट मोजली होती. ती २४ सेंटिमीटर भरली. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर, म्हणजे बारा किलोमीटर, असा हिशेब करून पाण्याच्या बाटल्या आणि दशम्या घेतल्या. बारा किलोमीटर चालून झाल्यावर मुक्कामाचे गाव दिसेना. आणखी जवळजवळ अडीच किलोमीटर, तेही भर उन्हात आणि कोरड्या घशाने, चालावे लागले.

घरी येऊन पट्टी लावली तेव्हा चौकटीची उंची ५५.३ ऐवजी ४६ सेंटिमीटर भरली. पानात बसवण्याच्या प्रेमळ आग्रहाने नकाशा आकसला होता आणि खाली १:५०,००० असे छापलेले असूनही प्रत्यक्षात तो सुमारे १:६०,००० झाला होता. अंकप्रमाण (१:५०,००० असे आकड्यांत लिहिलेले) आणि रेषाप्रमाण (अंतराच्या खुणा केलेली रेषा) यांतला फरक मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो: नकाशा लहानमोठा केला तर अंकप्रमाण खोटे पडते, रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आकसत असल्यामुळे खरे राहते. त्याच पत्रकाच्या तळाशी छापलेली रेषा दोऱ्याला लावून पाहिली असती तर चूक घरातच सापडली असती. हा प्रश्न मी किमान दहा वेळा परीक्षेत घातला असेन.

शेजारी अपशिंग्याचे एक सुभेदार राहतात, तोफखान्यातून निवृत्त झालेले. अपशिंगे मिलिटरी हे गाव कोणते आणि तेथील घराघरांतून माणसे सैन्यात का जातात, हे साताऱ्याकडच्या वाचकांना सांगायला नको. त्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी पट्टी हातात घेऊन चौकट स्वतः मोजली आणि म्हणाले, "सर, ह्या नकाशावर तोफ लावली असती, तर गोळा आपल्याच पोरांत पडला असता." त्यानंतर आमच्या बैठका होऊ लागल्या आणि माझ्या लक्षात आले की मी ज्या कागदाकडे सहलीचे साधन म्हणून पाहत होतो, तो कागद ते लष्करी हत्यार म्हणून वाचत होते. टोपोशीट नीट वापरायची असेल तर ती कोणासाठी घडली हे आधी ध्यानात घ्यावे लागते, असे माझे ठाम मत झाले आहे.

राष्ट्राच्या भूमीचे पद्धतशीर मोजमाप करणाऱ्या बहुतेक खात्यांचा जन्म छावणीत झाला आहे. ब्रिटनच्या नकाशा खात्याच्या नावातला ऑर्डनन्स हा शब्दच तोफा आणि दारूगोळ्याचा आहे. स्कॉटलंडमधील १७४५ च्या बंडानंतर तेथील डोंगराळ भाग फौजेला अपरिचित असल्याचे उघड झाले म्हणून विल्यम रॉय याने त्या मुलखाचा नकाशा केला, आणि पुढे फ्रान्सकडून स्वारी होण्याचे भय असताना, १७९१ मध्ये, हे खाते उभे राहिले. आपल्याकडची कथा त्याहून जुनी आहे. क्लाइव्हने १७६७ मध्ये जेम्स रेनेल याला बंगालचा सर्वेक्षक नेमले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, येऊन दोनच वर्षे झाली होती. मुलूख किती, नद्या कुठे उतरून जाता येतात, फौज कोणत्या रस्त्याने किती दिवसांत पोचेल, हे तिला हवे होते. रेनेलची मोजणी रस्त्यांवरून आणि नदीपात्रांतून गेली ती यामुळेच. आदल्याच वर्षी संन्याशांच्या टोळीशी झालेल्या चकमकीत त्याने तलवारीचे गंभीर वार सोसले होते. मोजणीदार आणि शिपाई यांच्यातली रेषा त्या काळी किती पुसट होती, हे यावरून दिसते.

रस्ता मोजत काढलेल्या नकाशात चूक साठत जाते. दहा कोसांवर ती कळत नाही, शंभर कोसांवर गाव भलतीकडे सरकते. त्यावरचा उपाय विल्यम लॅम्टन या पायदळातील अधिकाऱ्याने आणला. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर टिपूच्या राज्याचा मुलूख हाताखाली आला होता, आणि समुद्रापासून समुद्रापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकण्याची योजना त्याने मांडली. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ त्याने साडेसात मैलांची आधाररेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली, आणि त्या एका रेषेला ५७ दिवस लागले. एवढी काळजी का घ्यायची, तर पुढे जमीन पुन्हा मोजायचीच नाही. आधाररेषेच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या टेकडीकडे पाहून कोन मोजायचे, त्यावरून त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू हिशेबाने काढायच्या, मग त्यांतली एक बाजू नव्या त्रिकोणाची आधाररेषा धरायची. पहिल्या रेषेत बोटभर चूक असेल तर ती शेवटच्या त्रिकोणापर्यंत वाढत जाणार. कोन मोजणारे मोठे थिओडोलाइट अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर ते चढवताना दोर तुटून भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळच वाकले. लॅम्टनने स्वतःला तंबूत कोंडून घेऊन, आठवड्यांच्या खटपटीने, ते पुन्हा गोल केले.

हा माणूस आपल्या महाराष्ट्रातच गेला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. मोजणी उत्तरेकडे नेत असताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला आणि तेथेच त्याची कबर आहे. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याला नेऊन पोचवले. कन्याकुमारीकडून मसुरीकडे जाणारा सुमारे २,४०० किलोमीटरांचा हा कणा. त्यावर बेतलेल्या मोजणीतून राधानाथ सिकदार यांच्या गणिताने पंधरावे शिखर, म्हणजे आजचे एव्हरेस्ट, जगात सर्वांत उंच ठरले आणि १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. पाठ्यपुस्तक येथे थांबते आणि सगळी गोष्ट शास्त्राची वाटू लागते. सुभेदारांचा प्रश्न वेगळा होता: एवढा पैसा कंपनीने शिखराच्या उंचीसाठी खर्च केला का? उघडच नाही. त्रिकोणांच्या सांगाड्यामुळे पुढच्या प्रत्येक स्थानिक मोजणीला टांगायला पक्के खिळे मिळाले, आणि वेगवेगळ्या छावण्यांनी केलेले नकाशे एकमेकांना कडेला कड लावून जुळू लागले. माझ्या दोन पत्रकांच्या कडा ७४ अंशांवर केसभरही न चुकता जुळतात, ती त्या सांगाड्याची करामत आहे.

घाटाखालची एक आठवण येथे द्यायलाच हवी, कारण साताऱ्याकडे ती कोणी सांगत नाही. टॉमस बेस्ट जर्व्हिस हा मुंबई इलाख्यातील अभियंता अधिकारी. पेशवाई गेल्यानंतर त्याने दक्षिण कोकणाची मोजणी केली. वासोटा किल्ल्याच्या कड्यावरून पश्चिमेला खाली जो मुलूख दिसतो तोच हा. निवृत्त होऊन विलायतेस गेल्यावर, क्रिमियाचे युद्ध सुरू असताना, त्याला ब्रुसेल्समध्ये क्रिमियाचा रशियन लष्करी नकाशा सापडला. इंग्रज फौज ज्या भूमीवर लढायला गेली होती तिचा असा नकाशा खुद्द इंग्रजांच्या युद्धखात्याकडे नव्हता. जर्व्हिसने तो स्वखर्चाने छापून दिला, आणि १८५५ मध्ये त्याच्याच हाताखाली लंडनच्या युद्धखात्यात नकाशांचे व माहितीचे स्वतंत्र कार्यालय सुरू झाले. कोकणातल्या खाड्या आणि घाटवाटा मोजताना जडलेली सवय लंडनच्या लष्करी कचेरीपर्यंत पोचली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

आता पत्रकाकडे वळतो. ४७ जी/१४ उघडल्यावर प्रथम नजरेत भरते ती तपकिरी समोच्च रेषांची दाटी. वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या या रेषा सज्जनगडाच्या आणि यवतेश्वराच्या कड्यांवर इतक्या जवळ येतात की रेषांऐवजी तपकिरी पट्टाच दिसतो. पठारावर त्याच रेषा ऐसपैस पसरतात. जेथे दाटी तेथे चढ उभा, एवढे शाळेतले पोरही सांगते. सुभेदारांनी त्याच रेषांवर बोट फिरवत मला दुसरेच काही दाखवले: या सोंडेवर उभे राहिले तर खालचा रस्ता दिसतो, पण ही मधली उंचवटी आड येत असल्यामुळे तो ओढा दिसत नाही, म्हणजे ओढ्यातून येणारा माणूस वरच्याला कळणार नाही. दृष्टीआड काय राहते हे कागदावरून ठरवणे ही समोच्च रेषांची खरी नोकरी आहे. गड बांधणाऱ्यांना ही विद्या कागदाशिवाय अवगत होती, हा मुद्दा त्यांनी अर्थातच सोडला नाही.

दुसरी गोष्ट ओढ्यांच्या रंगाची. आपल्या टोपोशीटवर जे ओढे आणि नदीपात्रे कोरड्या दिवसांत आटतात ती काळ्या रंगात काढतात. निळा रंग पाणी असलेल्या जागेलाच. मी हे शिकवत आलो, पण रविवारच्या त्या चालीत मी ज्या ओढ्याच्या भरवशावर बाटल्या कमी घेतल्या होत्या, तो पत्रकावर काळाच होता. दोन रंगांचा हा भेद चित्र सुंदर दिसावे म्हणून केलेला नाही. घोडी, बैल आणि हजारो माणसे घेऊन चालणाऱ्या फौजेला उन्हाळ्यात पाणी कुठे मिळेल, हा जीवनमरणाचा प्रश्न होता. विहिरी, तळी, पार, देवळे, डाक बंगले, पोलीस ठाणी, टपाल कचेऱ्या, बैलगाडीची वाट, पायवाट, पक्का रस्ता, ताली आणि बांधांची उंची, झाडी दाट की विरळ, हे सगळे चिन्हांनी दाखवण्याचा आग्रह त्याच गरजेतून आलेला आहे. गंमत अशी की फौजेला जे हवे तेच डोंगरात फिरणाऱ्यालाही हवे असते, आणि म्हणून भटक्यांना याहून चांगला नकाशा भारतात मिळत नाही. मोबाईलमधला नकाशा हॉटेल आणि पेट्रोलपंप दाखवतो. कड्याच्या कोणत्या नाळेतून खाली उतरता येईल, हे तो सांगत नाही.

ठिकठिकाणी छापलेले उंचीचे आकडेही असेच. पत्रकावर एखाद्या अनाम टेकाडाच्या माथ्यावर फक्त मीटरमधला आकडा असतो. १९९९ च्या कारगिल युद्धात पॉइंट ४८७५, पॉइंट ५१४० ही नावे देशभर घरोघरी पोचली, ती नावे म्हणजे नकाशावरचे असेच उंचीचे आकडे होते. तेथे गाव नाही, देऊळ नाही, म्हणून मोजणीदाराने दिलेला आकडाच डोंगराचे नाव झाला. सुभेदारांनी नकाशावरच्या उभ्या-आडव्या रेषांच्या जाळीवरून सहा अंकी संदर्भ कसा काढतात तेही शिकवले: आधी पूर्वेकडचे तीन अंक, मग उत्तरेकडचे तीन, आणि शंभर मीटरांच्या चौकोनात जागा पक्की. उलटा क्रम लावणाऱ्या रंगरुटाला काय शिक्षा असे, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

आता पत्रकात काय नाही ते. गल्लीतल्या तिघांनी माझ्या भिंतीवरचा नकाशा पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा: "यात आमचा गट नंबर कुठंय?" तो यात असणारच नाही. जमिनीची मालकी आणि सारा यांसाठीची मोजणी हा वेगळा प्रवाह आहे आणि आपल्याकडे तो इंग्रजांच्याही आधीचा. शिवकालात पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर, अशी मोजणी चालत असे. मुंबई इलाख्यात १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी रयतवारी मोजणीची जी पद्धत बसवली तिची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग सोळा आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर हीच पद्धत घाटमाथ्याच्या या मुलखातही आली, आणि सातबारावरचे गुंठे आजही त्याच साखळीचे आहेत. त्या प्रवाहाचे कागद, म्हणजे गाव नकाशा, टिपण, फाळणी, भूमी अभिलेख कार्यालयात असतात. बांधाच्या भांडणासाठी कोणी टोपोशीट घेऊन मोजणीदारापुढे उभे राहू नये. १:५०,००० प्रमाणात एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. पेन्सिलीच्या रेघेखाली अख्खा बांध, विहीर आणि शेजारी असे तिघेही झाकले जातात. हे दोन प्रवाह अलीकडे मात्र जवळ आले आहेत. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते, तिच्यात हाच भारतीय सर्वेक्षण विभाग असतो. फौजेच्या वाटा मोजण्यासाठी निघालेले खाते आता घराच्या पडवीची हद्द मोजू लागले आहे.

दुसरी उणीव जाणीवपूर्वक ठेवलेली आहे. स्वातंत्र्यानंतर बराच काळ सीमेलगतच्या आणि समुद्रकिनाऱ्यालगतच्या रुंद पट्ट्यातील तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने दोन मालिका वेगळ्या केल्या: सैन्यासाठी संरक्षण मालिका आणि लोकांसाठी खुली मालिका, खुल्या मालिकेतून संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक ठिकाणे गाळली जातात. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय नागरिकांना आणि संस्थांना मोजणी व नकाशे करण्यावरची बरीच बंधने उठली. या गुप्ततेचा एक विनोदी परिणाम जुन्या भटक्यांना ठाऊक आहे. आपले नकाशे मिळत नसत तेव्हा मंडळी अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात काढलेले १:२,५०,००० प्रमाणाचे नकाशे वापरत, आणि ते नकाशे मुख्यतः आपल्याच सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांवरून तयार केलेले होते. सोव्हिएत सेनेनेही साऱ्या जगाचे नकाशे रशियन लिपीत काढून ठेवले होते. जुना नकाशा आणि नवा नकाशा शेजारी ठेवणाऱ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी: जुन्या पत्रकांचा पाया १८३० च्या एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या गणिती प्रतिरूपावर, आहे, तर खुली मालिका उपग्रहांच्या डब्ल्यूजीएस-८४ या पद्धतीवर, त्यामुळे तेच ठिकाण दोन्हींत शेकडो फुटांनी सरकलेले दिसते. मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश जुन्या पत्रकावर मांडून 'देऊळ चुकीच्या जागी दाखवले आहे' असा निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिले आहेत.

पत्रकाच्या समासात मोजणीचे वर्ष असते. ते प्रथम वाचावे. डोंगर आणि नदी वर्षांनी हलत नाहीत, रस्ते आणि वस्त्या हलतात. पोवई नाक्याखालचा भुयारी मार्ग शोधायला हे पत्रक उघडू नये, आणि महामार्गालगत वाढलेल्या वसाहतींबद्दल त्याच्यावर रुसूही नये. नावे माझ्या प्रतीवर रोमन लिपीत आहेत आणि काही वाड्यांची नावे ओळखायला दोनदा मोठ्याने वाचावी लागतात. पण ज्या वाटेवर आम्ही चाललो ती वाट पत्रकावर जशी वळली होती तशीच पायाखाली वळली, एकही वळण चुकले नाही. फक्त अंतर आम्ही चुकीचे मोजले.

शाळांनी आपल्या गावाचे पत्रक भिंतीवर लावावे, डोंगरात जाणाऱ्यांनी ते पिशवीत ठेवावे, इतिहासाच्या अभ्यासकांनी लढायांची वर्णने वाचताना ते शेजारी उघडे ठेवावे, अशी माझी निःसंकोच शिफारस आहे. वासोट्याला जाणाऱ्यांनी ४७ जी/१० सुद्धा घ्यावे, कारण कासवरून बामणोलीकडे उतरता उतरता जी/१४ संपत येते आणि किल्ला पलीकडच्या पत्रकात राहतो, वाईकरांसाठी जी/१३. जमीन मोजून घ्यायची असेल त्यांनी पैसे वाचवावेत.

दुसऱ्या वेळी मी ए-वन कागद सांगितला, फाईल 'पानात न बसवता, शंभर टक्के' छापायची अशी चिठ्ठी लिहून दिली आणि दुकानातच पट्टी काढून चौकट मोजली. ५३ आणि ५५.३ भरल्यावर पैसे दिले, पत्रकाला दीडशे रुपये. दुकानदाराला माझा राग आला असावा, पण त्याने नंतर स्वतःहून पट्टी गल्ल्याजवळ ठेवली आहे. मग सुभेदारांनी के/२ चा डावा समास ब्लेडने कापला, मी गव्हाच्या पिठाची खळ केली, आणि ७४ अंशांच्या रेषेवर दोन्ही पत्रके एकमेकांवर बसवली. जोड शहरातूनच जातो. खळ वाळेपर्यंत सुभेदार त्या जोडावर तळहात दाबून उभे होते, आणि त्यांच्या हाताखाली निम्मा सातारा झाकला गेला होता.